कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल

केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत 1949 च्या मे महिन्यात एडसॅक हे संगणकयंत्र चालू झाले, त्यानंतर थोड्याच काळात त्याच्यासाठी जी लायब्ररी सिद्ध झाली ती एका पोलादी कपाटात मावत असे. छपाई, वर्गमूळ, त्रिकोणमितीची फलने अशा वारंवार लागणाऱ्या कामांचे उपप्रोग्राम छिद्रित कागदी फितींवर उतरवून त्या कपाटात ठेवलेले असत, आणि ज्याला ज्याची गरज पडे तो त्याची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घेई. उपप्रोग्राम यंत्राच्या स्मृतीत कोणत्या जागी जाऊन पडेल हे आधी ठाऊक नसल्यामुळे त्यातील पत्ते ऐन वेळी दुरुस्त करावे लागत. ते काम डेव्हिड व्हीलरने अवघ्या 41 आज्ञांच्या एका आरंभिक प्रोग्रामवर सोपवले होते. विल्क्स, व्हीलर आणि गिल या त्रयीने 1951 साली या साऱ्या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. लायब्ररी मिळवणे, ती आपल्या यंत्रास जुळवून घेणे आणि आपल्या प्रोग्रामात जोडणे, हा जो उद्योग आज जगभर चालतो त्याची पहिली वहिवाट येथे पडली.

त्या जमान्यात सोर्स कोड मागण्याची वेळच येत नसे. यंत्र घेतले की तो बहुधा त्याबरोबर येई. आयबीएमने 1969 साली सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून अलग करण्याचे जाहीर केले आणि ही स्थिती पालटू लागली. युनिक्सची कहाणी मात्र निराळ्या कारणाने निराळी झाली. 1956 च्या न्यायालयीन तडजोडीने दूरध्वनीव्यतिरिक्त अन्य व्यापार करण्यास एटी अँड टी कंपनीस मनाई होती, त्यामुळे तिच्या बेल प्रयोगशाळेत निपजलेली ही प्रणाली विद्यापीठांना अल्प शुल्कात, चुंबकीय फितीवर, मूळ संहितेसह मिळू लागली. आणि 1973 साली ती बहुतांशी सी भाषेत पुन्हा लिहिली गेल्यावर ज्याच्या पदरी सी-चा कंपायलर, त्यास ती आपल्या घरी बांधून घेण्याची मुभा मिळाली.

या बांधणीचा पहिला खरा कारभारी म्हणजे स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली बेल प्रयोगशाळेत लिहिलेला मेक हा प्रोग्राम. स्टीव्ह जॉन्सन या सहकाऱ्याची एक सकाळ वस्तुतः निर्दोष असलेल्या प्रोग्रामातील दोष हुडकण्यात फुकट गेली होती. दोष आधीच दुरुस्त झाला होता, परंतु ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेल्याने जुनाच तुकडा जोडला जात होता. मेकने हा तपास आपल्याकडे घेतला: कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे याची एक यादी वाचावी, दोहोंच्या तारखा ताडून पाहाव्या, आणि जे शिळे झाले असेल तेवढेच नव्याने बांधावे. कल्पना इतकी सरळ की तिच्यातील व्यंग अधिकच डोळ्यांत भरते. मेकफाइलमधील आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे. तेथे आठ मोकळ्या जागा टाकल्या तर मजकूर पडद्यावर हुबेहूब तसाच दिसतो आणि मेक मात्र 'मिसिंग सेपरेटर' म्हणून अडून बसतो. हे बदलावे असे फेल्डमन यांच्या मनात आले तोवर मेक वापरणारी डझनभर मंडळी जमली होती, त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले. भिडेखातर ठेवलेली ही खोड आज अर्धशतकाने, लक्षावधी लोकांच्या माथी तशीच आहे.

पुढे युनिक्सच्या शाखा फुटल्या. बर्कलीची एक, एटी अँड टीची दुसरी, सनची, एचपीची, डिजिटलची आणखी वेगळी. एकीत जे फंक्शन आहे ते दुसरीत नाही, असले तर वेगळ्या हेडरमध्ये. सोर्स हाती असूनही तो आपल्या यंत्रावर कंपाइल होईल याची शाश्वती उरली नाही. लॅरी वॉल यांनी आपल्या आरएन या प्रोग्रामासोबत जी कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट दिली ती यंत्राची स्वतः पाहणी करी, जे कळत नसे ते बसवणाऱ्यास विचारी, आणि युनिस नामक एक कटकटी प्रणाली तुमच्याकडे नाही असे आढळल्यास तुमचे अभिनंदनही करी. ही गंमत पुढच्या साधनांत उरली नाही, याचे मला वाईट वाटते.

1991 च्या उन्हाळ्यात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी ग्नूची उपयुक्त साधने सांभाळणाऱ्या डेव्हिड मॅकेन्झी यांना, मेकफाइलमध्ये हाताने निवडावे लागणारे वीसेक पर्याय जाचक वाटू लागले, आणि त्यातून ऑटोकॉन्फ जन्मास आला. त्याची रीत जमाबंदीच्या पाहणीसारखी होती: दफ्तरातल्या नोंदीवर विसंबायचे नाही, शेतावर जाऊन पाहायचे. अमुक फंक्शन आहे काय हे जाणण्यासाठी कॉन्फिगर स्क्रिप्ट दोन-चार ओळींचा चिमुकला प्रोग्राम लिहून तो कंपायलरच्या हवाली करते. तो पार पडला तर 'येस', न पडला तर 'नो', आणि पुढचा प्रश्न. का पार पडला नाही, याची ती चौकशी करीत नाही. एम4 या साधनाच्या द्वारे निपजणारी ही स्क्रिप्ट साध्या शेलवर चालते, म्हणून ती कोठेही चालते. पण ती हजारो ओळींची होते आणि कोणीही वाचत नाही.

शेवटची आज्ञा मेक इन्स्टॉल. तिने लायब्ररी प्रथेप्रमाणे यूएसआर-लोकलच्या मुलखात नेऊन ठेवली तरी एलडीकॉन्फिग चालवून तिची वर्दी दिल्याखेरीज लिनक्सचा लोडर पुष्कळदा ती सापडत नाही असेच सांगतो, आणि नवख्याचा तासभर तेथे जातो. 1993 साली डेबियनसारखी वितरणे सुरू झाली, बांधलेले पॅकेज आयते मिळू लागले आणि बहुतेकांची या खटाटोपातून सुटका झाली. बांधणी मूठभर लोकांच्या हाती गेली. इतरांनी विश्वास ठेवला.

त्या विश्वासाचा पंचनामा मार्च 2024 मध्ये झाला. एक्सझेड या संकोचन-लायब्ररीच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत घातकी भाग दडवलेला आढळला. एसएसएचने प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानी आल्यामुळे तो उघड झाला. तो भाग जागा करणारा मजकूर सार्वजनिक भांडारात नव्हता, वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातल्या एका एम4 फाइलमध्ये होता, म्हणजे जेथे कोणी पाहत नाही नेमक्या त्याच जागी. आणि त्याच प्रकल्पात, सीमेक या दुसऱ्या बांधणी-साधनाच्या फाइलमध्ये, लँडलॉक ही संरक्षणाची तरतूद यंत्रावर आहे काय हे तपासणाऱ्या चिमुकल्या प्रोग्रामात, एक टिंब अधिक घातलेले होते. टिंबामुळे तो कधीच कंपाइल होत नसे, उत्तर सदैव 'नाही' येई, आणि बांधणी संरक्षणाविना निमूट पुढे चाले. ते टिंब नंतर काढून टाकण्यात आले.