कुलसंमेलन आणि पाळीचा कागद

ज्ञातित्वाची मर्यादा कोठवर मानावी याविषयीं मनूनें जें सांगितलें आहे तें प्रस्तुत विषयास फार उपकारक आहे. सपिंडता सातव्या पुरुषीं निवृत्त होते असें तो म्हणतो. समानोदकभावास मात्र त्यानें पिढ्यांचा आंकडा घातला नाहीं. अमुक पुरुष आमच्या कुळांत जन्मला व त्याचें नांव अमुक, हें ठाऊक आहे तोंपर्यंत तो संबंध टिकतो. कळेनासें झालें कीं सुटतो. (चौदा पिढ्यांची मर्यादा इतरत्र सांगितली आहे, ती गोष्ट निराळी.) आतां, श्राद्धांत पितृकुलापुरतीं पिता, पितामह व प्रपितामह या तिघांचींच नांवें उच्चारावीं लागतात. त्यापलीकडील नांवें जतन होण्यास भाऊबंदांचें एकत्र जमणें आणि त्या जमण्याचे कागद हींच मुख्य साधनें होत.

हल्लीं अनेक घराणीं कुलसंमेलनें भरवितात. पहिल्या एकदोन वर्षीं मंडप भरतो, पुढें वृद्धच तेवढे दिसतात, आणि तरुणांस कुळाचें प्रेम राहिलें नाहीं असें निदान होतें. हें निदान आम्हांस मान्य नाहीं. पूर्वींचे भाऊबंद केवळ प्रेमानें जमत होते असें जुने कागद पाहणारा कोणीही म्हणणार नाहीं. निम्मे कागद तर त्यांच्या भांडणांचेच आहेत! ते जमत, कारण प्रत्येकाची तक्षीम होती आणि प्रत्येकाची पाळी येई. देवाच्या पाळीस न्यायालयांनींही वारसाहक्काचें स्वरूप मानिलें आहे. ज्याचें वर्ष असेल त्यानें दिव्याचें तेल, नैवेद्य व समाराधना यांचा भार उचलावा आणि वर्षअखेर भांडीं मोजून पुढच्याच्या स्वाधीन करावीं, असा क्रम असे. न येणाऱ्याचा मान व हक्क दोन्ही धोक्यांत येत. खोती नाहींशी करणारा १९४९ चा कायदा आणि परगणे व कुलकर्णी वतनें बंद करणारा १९५० चा कायदा यांनीं या जमण्याचा आर्थिक आधार काढून घेतला. ते कायदे योग्य होते कीं नव्हते हा वाद येथें नको. पण पाळी जाऊन जेवणावळ मात्र उरली, हें खरें.

आधार अगदींच तुटला असतांही परंपरा कशी तगते याचें उत्तम उदाहरण गोमंतकांत सांपडतें. कुशस्थळी, म्हणजे हल्लींची कुठ्ठाळी, येथील श्रीमंगेशाचें लिंग १५६० च्या सुमारास पोर्तुगीजांच्या भयानें झुवारीपलीकडे प्रियोळास नेलें. केळशीच्या शांतादुर्गेनेंही त्याच शतकांत कवळ्यास आश्रय घेतला. तो अंत्रुज महाल तेव्हां पोर्तुगीजांच्या हातीं नव्हता. कुळावी विखुरले, कोणी कारवार-मंगळुराकडे, कोणी कोचीपर्यंत उतरले, त्यांची भाषा, वेष व आहार बदलले. ज्या गांवांत देव नेले तीं गांवें तर त्यांचीं मूळ गांवें नव्हतींच. तरी आमचा देव अमुक व आम्ही त्याचे कुळावी, एवढें विसरलें नाहीं. माघ शुद्ध पंचमीस कवळ्याची व माघी पौर्णिमेस मंगेशीची जत्रा भरते, तेव्हां दूरदूरचे वंशज येऊन अग्रशाळांत उतरतात. आमच्या मतें याचें श्रेय भक्तीइतकेंच व्यवस्थेसही आहे. दिवस ठरलेला, उतरण्याची सोय ठरलेली, आणि महाजन कोण हेंही ठरलेलें. पुढें पोर्तुगीज सरकारनें १८८६ व १९३३ सालीं माझानियांचे नियम केले, त्यांमुळें महाजनांच्या नोंदीस कायद्याचेंही बळ आलें. ज्या सत्तेच्या भयानें देव हलले तिनेंच शेवटीं त्यांच्या माणसांची यादी राखावी, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

संग्राहकांस आमचें सांगणें आहे तें येथूनच निघतें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अनेक घराण्यांनीं कुलवृत्तांत छापिले, हा उद्योग स्तुत्यच. पण वंशवृक्ष छापून झाला कीं ज्या यादींवरून तो रचिला त्या रद्दींत जातात. सनद, महजर जपून ठेवितात. पाळीचा कागद, वर्गणीची यादी, भांड्यांची मोजदाद यांस कोणी विचारीत नाहीं. वास्तविक वंशवृक्षांत पुरुषाचें नांव तेवढें मिळतें; तो कोणत्या सालीं वेगळा निघाला, कोणत्या गांवीं होता, कोणाची पाळी कोणी चालविली, हें या क्षुद्र कागदांतच असतें. शिवाय जुन्या वंशावळींतून लेकींचीं नांवें बहुधा गळलेलीं असतात; अशा यादींत आहेराच्या वा वाढप्याच्या निमित्तानें एखादी माहेरवाशीण नांवानिशीं डोकावते, तेवढाच तिचा पुरावा.

संमेलन चालविणाऱ्यांनींही हजेरीची वही ठेवावी. (हजेरीपटावांचून वर्ग चालत नाहीं, हें आम्हांस चाळीस वर्षांच्या अध्यापनानें पक्कें पटलें आहे.) पाळी तरुणांस द्यावी, आणि ती लेकींच्या घरांसही द्यावी, आलेला पाहुणा पुढच्या वर्षीं न आला तरी चालतें, ज्याच्याकडे भांडीं आहेत त्याला यावेंच लागतें.

ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं नक्कल करितांना शक, तिथि, कागदाचा आकार, हस्ताक्षरांतील पालट व खोडलेलीं नांवें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. खोडलेलें नांव गाळूं नये. तें कोणी खोडलें व मागाहून पुन्हां लिहिलें काय, हें शाईवरून पुष्कळदां कळतें.