पुणे केंद्राची श्रोतृमंडळे आणि बोलीचा प्रश्न

विकासाचा संदेश नभोवाणीने कोणत्या भाषेत द्यावा? पापुआ न्यू गिनीत टोक पिसिन व नागालँडात नागामीज या मिश्रभाषांचा आश्रय घेण्यात आला. कारण तेथे भाषाच अनेक. १९५३ मध्ये सुरू झालेल्या पुणे केंद्राची अडचण निराळी होती. भाषा एकच, परंतु ग्रंथांतील मराठी वेगळी व बांधावरची वेगळी. हे अंतर फार दूरचेही नव्हते. आज शहरात विलीन झालेली बिबवेवाडी तेव्हा पुण्यालगतचे शेतीचे गावच होते.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत श्रोतृमंडळे चालविण्यात आली. आठवड्यातून दोनदा, असे एकंदर २० कार्यक्रम झाले. मूळ कल्पना कॅनडातील. कार्यक्रम संपताच गावकरी आपल्या बोलीत चर्चा करीत. त्यांच्या शंका लिहून केंद्राकडे जात व पुढे नभोवाणीवरूनच त्यांस उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणीत, नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळांच्या गावी ज्ञानाची वाढ पुष्कळच अधिक आढळली. ध्वनिक्षेपित भाषा दोन्हीकडे तीच होती, हे येथे विसरता येत नाही. भेद पडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्याने. आणि ते बोलणे शुद्ध करण्याचा खटाटोप, सुदैवाने, कोणी केला नाही. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली.