गारगोटीची झळाळी आणि कुरुंदाची पूड

नांगरताना गारगोटी वर आली की आपण ती बांधावर टाकतो. पण याच जातीच्या दगडानं एके काळी मराठवाड्याला दूरदेशीचा व्यापार मिळवून दिला.

आपल्या साखऱ्याची काळी माती ज्या खडकाची झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या. पाण्यातून आलेली सिलिका त्यांत थरावर थर साचली आणि अकीक तयार झाला. भोवतालचा खडक झिजतो, हा टिकतो. म्हणून तो शेतात, नदीच्या पात्रात सापडतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात नोंद आहे, की पैठणहून असले दगड गाड्या भरभरून भडोच बंदराला जात, तेरहून कापड जाई. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जुने मणी आजही बघायला मिळतात.

इतका कठीण दगड गुळगुळीत कसा व्हायचा? त्याला त्याहून कठीण काही लागतं. कठीणपणाच्या दहाच्या मापात अकीक ७ च्या आसपास, कुरुंद ९. वाळू तर गारगोटीचीच बहीण, तिनं काम फार हळू होतं. गुजरातेत खंबातचे कारागीर मणी आणि कुरुंदाची ओली पूड कातड्याच्या पिशवीत भरत. दोघं जण ती १०-१५ दिवस इकडून तिकडे लोळवत.

१८९१ साली अमेरिकेत अॅचेसन यांना विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड मिळालं. ते कुरुंदाहूनही कठीण. आता पिशवीच्या जागी विजेवर फिरणारा डबा आला. पण रीत तीच, आधी भरडायचं, मग बारीक दळायचं. पुडीचा नंबर जितका मोठा, तितकी ती बारीक. आधी ६०-९०, मग १२०-२२०, मग ५००, शेवटी पॉलिशची पूड. प्रत्येकीला साधारण आठवडा. डबा दोन तृतीयांश भरावा, दगड बुडतील इतपत पाणी घालावं. पूड बदलताना दगड आणि डबा स्वच्छ धुवावा. जाड पुडीचे चार कण राहिले तरी ओरखडे पडतात. गाळ मोरीत ओतू नये, तो दगडासारखा बसतो.

या इतिहासाला एक काळी बाजू आहे. खंबातला घराघरांत चाकावर कोरडा अकीक घासला जाई. ती धूळ कारागिरांच्या, शेजारी वावरणाऱ्या बायकामुलांच्या फुफ्फुसात बसली. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही.

म्हणून एखाद्या गटानं हे काम मनावर घेतलं, तर पहिला ठराव हाच लिहा: दगड कोरडा घासायचा नाही, पूड उडू द्यायची नाही, भरताना नाक-तोंड मास्कनं झाकायचं. मण्याचा भाव त्यानंतर ठरवू.