‘ऑनसाइट’ मुंबई, १८१३: गॉर्डन हॉल आणि सहा महिन्यांची पत्रं

हेडफोन नाही, किंवा गाडीत शेजारचा मोबाईल जोरात वाजतोय, म्हणून बरेच जण ऐकण्यापेक्षा वाचतात. त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना झालेलं ‘म्हणजे काय की’ जरा कमी केलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

वारंगा फाट्यावर उभं राहिलं की नांदेडची, हिंगोलीची, नागपूरची गाडी मिळते. पुण्याला जाणारं पोरगं रात्री बसतं आणि सकाळी आईला फोन करतं, ‘पोचलो’. हा एक शब्द नसेल तर काय होतं? आजची गोष्ट त्याबद्दल आहे. आपल्याकडून बाहेर गेलेल्यांची नाही, बाहेरून आपल्याकडे आलेल्यांची. म्हणजे अमेरिकेतून मराठी मुलखात आलेल्या पहिल्या मिशनरींची.

मिशनरी म्हटलं की दोन चित्रं लगेच तयार असतात. एक म्हणजे शाळा-दवाखाने काढणारा संत. दुसरं म्हणजे धर्म बुडवायला आलेला परका माणूस. दोन्ही चित्रांत तो माणूस सकाळी उठून काय करायचा, काय खायचा, घरी पत्र कधी जायचं, हे नसतं. मला रस त्यात आहे.

माणसाचं नाव गॉर्डन हॉल. जन्म १७८४, मॅसॅच्युसेट्समधल्या टोलंड गावचा. विल्यम्स कॉलेजात शिकला. तिथे काही पोरांनी एकमेकांत ठरवलं होतं की आपण देशाबाहेर जाऊन धर्म सांगायचा. तोवर अमेरिकेतून असं कुणी संघटितपणे समुद्रापार गेलंच नव्हतं. देश स्वतःच नवा, स्वतंत्र होऊन तीसेक वर्षं झालेली. या पोरांच्या रेट्यातून १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ नावाची संस्था उभी राहिली आणि फेब्रुवारी १८१२ मध्ये पाच तरुण पाद्री म्हणून नेमले गेले. हॉल आणि त्याचा मित्र सॅम्युएल न्यूएल निघण्याआधी फिलाडेल्फियात थोडं औषधोपचाराचं शिकून आले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हॉलचं जहाज, नाव ‘हार्मनी’, फेब्रुवारीच्या शेवटी फिलाडेल्फियाहून सुटलं आणि ऑगस्टमध्ये कोलकात्याला लागलं. साडेपाच महिने. आफ्रिकेला वळसा घालून, कारण सुएझचा कालवा व्हायला अजून सत्तावन्न वर्षं होती.

आणि उतरल्या उतरल्या व्हिसा रिजेक्ट. शब्द माझा, पण प्रकार तोच. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात परवान्याशिवाय राहता येत नव्हतं आणि कंपनीला मिशनरी अजिबात नको होते. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांचं बंड झालं होतं. धर्मात हात घातला की धंदा बसतो, हा धडा कंपनीने घेतलेला. म्हणून तर इंग्रज असलेला विल्यम केरीसुद्धा इंग्रजांच्या नाही, डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला जाऊन राहिला होता. त्यात भर म्हणजे ही पोरं समुद्रावर असतानाच, जून १८१२ मध्ये, अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध सुरू झालं. बंदरावर उतरले तेव्हा त्यांना माहीतही नव्हतं की आपण आता शत्रूदेशाचे नागरिक आहोत. बातमी मागून आली.

हुकूम निघाला की परत जा. न्यूएल आणि त्याची बायको हॅरिएट मॉरिशसला गेले. ती गरोदर होती. मुलगी जहाजावरच जन्मली आणि काही दिवसांत गेली. मॉरिशसला पोचल्यावर ३० नोव्हेंबर १८१२ ला हॅरिएटही गेली. वय १९. एकोणीस! आपल्याकडे त्या वयात पोरी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असतात. तिने एकाही माणसाला धर्म सांगितला नाही, एकही शाळा काढली नाही. पण तिच्या पत्रांचं आणि डायरीचं पुस्तक अमेरिकेत घरोघर वाचलं गेलं आणि ते वाचून कितीतरी जण मिशनला तयार झाले. मला हा भाग खटकतो. एका पोरीच्या मरणावर भरती होते आणि तिच्या आईला ही बातमी कळायलाच कित्येक महिने लागतात.

हॉल आणि दुसरा सहकारी सॅम्युएल नॉट कोलकात्याहून निसटले आणि ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत पोचले. तिथे गव्हर्नर होता सर इव्हान नेपियन. माणूस मवाळ, पण वरून हुकूम आलेला की या दोघांना इंग्लंडला पाठवून द्या. मग या दोघांनी काय केलं? नॉटची बायको आणि तान्हं मूल मुंबईत ठेवून एका किनाऱ्याच्या गलबतात बसले आणि कोचीनला पळाले. पकडून परत आणले गेले. डिसेंबरमध्ये जहाजावर चढवणार, एवढ्यात हॉलने गव्हर्नरला सविस्तर अर्ज लिहिला की आम्हाला घालवणं तुमच्याच धर्माच्या विरुद्ध आहे. तिकडे लंडनमध्ये त्याच वर्षी कंपनीच्या सनदेचा नवा कायदा झाला होता आणि मिशनरींसाठी दार किलकिलं झालं होतं. नेपियनने थांबू दिलं. एका अर्जाच्या जोरावर! सरकारी ऑफिसात अर्ज घेऊन फिरलेल्या माणसाला यातली गंमत कळेल.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हे १८१३ आहे. पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर आहे. मुंबई म्हणजे इंग्रजांचं बेट आणि खाडीपलीकडे मोठा मुलूख पेशव्यांचा. आपला हा भाग तर निजामाचा. तो पुढे १९४८ पर्यंत निजामाचाच राहिला.

मग रोजचं काम काय? सकाळी पंडितजींकडून मराठी शिकणं. ना शिकवणीचं पुस्तक, ना अ‍ॅप. मोल्सवर्थचा तो जाडजूड कोश १८३१ चा, म्हणजे तोही नव्हता. केरीचं छोटं व्याकरण आणि कोश होते, पण बंगालमध्ये बसून तयार केलेले. मग संध्याकाळी बाजारात, देवळांच्या आसपास, तळ्याकाठी जाऊन लोकांशी बोलायचं. लोक ऐकायचे, वाद घालायचे, हसायचे, निघून जायचे. वर्षानुवर्षं धर्म बदलणारा जवळजवळ कुणी नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट लाँच केलं आणि युजर शून्य.

पण शाळा चालल्या. लोकांना यांचा देव नको होता, लिहिणं-वाचणं हवं होतं. शाळांत शिकवणारे बरेचसे पंतोजी हिंदूच. बेने इस्रायल समाजाची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, मुलंही भरपूर आणि शिक्षकही. १८२४ मध्ये याच मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. म्हणजे माल विकला गेला, पण दुकानदाराला विकायचा होता तो नाही.

छापखाना १८१६ नंतर सुरू झाला. पुढे या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक, छोटे खिळे पाडले. तिथे खिळे घासायला लागलेलं एक गरीब पोरगं म्हणजे जावजी दादाजी. त्यांनी १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. संस्कृत ग्रंथ आणि पंचांगं ज्याच्या टायपात देशभर गेली, त्या माणसाने हात बसवला तो बायबल छापणाऱ्या कारखान्यात. फोनवर फॉन्ट बदलताना मला हे आठवतं.

हॉल आणि न्यूएलने १८१८ मध्ये मिळून एक पुस्तक लिहिलं, ‘द कन्व्हर्जन ऑफ द वर्ल्ड’. त्यात चक्क हिशोब आहे. जगात ख्रिस्ती नसलेले लोक साठ कोटी. दर वीस हजारांमागे एक मिशनरी. म्हणजे लागतील तीस हजार मिशनरी. मी हे वाचलं तेव्हा हसलो, कारण आमच्या मीटिंगमध्ये असल्या एक्सेल शीट रोज बनतात. पण मुंबईत बसलेले मिशनरी तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि त्यांनाही ताप येत होता. पटकी बंगालमध्ये १८१७ ला उसळली आणि पुढच्याच वर्षी मुंबईला पोचली. ३० मार्च १८२१ ला न्यूएल पटकीने गेला. हिशोब करणाऱ्या दोघांतला एक कमी झाला.

हॉलचं लग्न १८१६ मध्ये मुंबईतच झालं होतं, मार्गारेट लुईस नावाच्या इंग्रज बाईशी. १८२५ मध्ये मुलांच्या तब्येतीसाठी तिने दोन्ही मुलांना घेऊन अमेरिकेला जायचं ठरलं. अमेरिका तिने कधी पाहिलेली नव्हती. हॉल थांबला, कारण काम अर्धं होतं. थोरला मुलगा फ्रेडरिक वाटेत समुद्रावरच वारला.

मार्च १८२६ च्या सुरुवातीला हॉल दोन ख्रिस्ती पोरांना सोबत घेऊन निघाला. खाडी ओलांडून, घाट चढून नाशिक. सोबत मराठी पुस्तकं आणि औषधांची पेटी. नाशिकला पोचला तर पटकीने माणसं पटापट मरत होती. फिलाडेल्फियात शिकलेलं इथे कामाला आलं. जवळची औषधं वाटली आणि संपत आल्यावर परत फिरला. वाटेत दोडी-दापूर नावाच्या गावी रात्री मुक्काम पडला. जागा मिळाली ती देवळाच्या ओसरीवर. तिथे आधीच आजारी माणसं पडलेली होती. पहाटे निघायची तयारी करताना त्यालाच पटकीने गाठलं. उरलेलं औषध घेतलं, पोटात टिकलं नाही. काही तासांत, २० मार्च १८२६ ला, तो गेला. वय ४१. त्या दोन पोरांनी कशीबशी जागा मिळवून, कांबळ्यात गुंडाळून, पेटीशिवाय पुरलं.

दोन गोष्टी सांगतो. एक, त्याच्या पेटीतल्या औषधाने फार काही झालंच नसतं. पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नोने लंडनमध्ये दाखवलं ते १८५४ मध्ये. तेव्हाच्या औषधांपेक्षा आज अंगणवाडीत मिळणाऱ्या ओआरएसच्या पाकिटात जास्त ताकद आहे. दुसरी, या माणसाने मूर्तिपूजेविरुद्ध तेरा वर्षं बोलण्यात आणि छापण्यात घालवली. भाषा बरेचदा बोचरी असायची, आज ती वाचली तर राग येईल आणि तो यायलाही हवा. आणि शेवटच्या रात्री त्याला आडोसा दिला तो देवळानेच.

त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पूर्ण झाला. हॉलने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं होतं.

पुढचं भराभर सांगतो. डिसेंबर १८२७ मध्ये सिंथिया फॅरार मुंबईत उतरली. लग्न न झालेल्या बाईला एकटीला परदेशी पाठवणं बोर्डालाही नवं होतं. १८३९ पासून ती अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, राहिली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. तिची मुलींची शाळा बघून जोतीराव फुल्यांनी पुण्यात शाळा काढायचं मनावर घेतलं आणि सावित्रीबाईंनी तिच्याकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, हे तुम्ही ऐकलेलं असेल. तिच्यावर वेगळा भाग करू. नगरच्या मिशनरींचं वर्ष पावसावर चालायचं. पावसाळ्यात घरी बसून भाषांतर आणि शाळा, थंडी पडली की बैलगाडीत तंबू टाकून गावोगाव दौरा. वडाळ्याचे सॅम्युएल फेअरबँक या भटकंतीत पक्षी आणि गोगलगायींच्या नोंदी करायचे. अशा माणसाबरोबर मी दौऱ्यावर गेलो असतो, प्रवचन चुकवून.

आणि आता आपल्या मराठवाड्यात येऊ. घर सोडायची किंमत फक्त गोऱ्यांनीच मोजली असं नाही. नारायण शेषाद्री हा मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला ब्राह्मण तरुण. १८४३ मध्ये तो ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्या मागोमाग मिशनमध्ये राहायला गेला. बापाने कोर्टात धाव घेतली. मुलगा अल्पवयीन म्हणून कोर्टाने बापाच्या ताब्यात दिला. पण परत आलेल्या मुलाला जात घेईना, कारण तो मिशनऱ्यांकडे जेवला होता! बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं अशी बाजू लावून धरली आणि त्यावरून मुंबई-पुण्यात रान पेटलं. एक भाऊ धर्म सोडून गेलेला, दुसरा परत येऊन दारात उभा. त्या आईबापांचं काय झालं असेल?

नारायणराव पुढे निजामाच्या राज्यात जालन्याला आले. जालना, हिंगोली इथे तेव्हा छावण्या होत्या. जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची वस्ती उभी केली. जमीन दिली ती हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी. म्हणजे मुसलमान दिवाणाने, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या माणसाला, मुख्यतः दलित कुटुंबांच्या गावासाठी. मराठवाड्याचा इतिहास असा आहे, तो एका व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये मावत नाही.

१८७३ मध्ये हेच शेषाद्री न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत बोलायला गेले. पांढरा पोशाख, डोक्याला पागोटं. एकसष्ट वर्षांपूर्वी त्याच देशातून हॉल इकडे शिकवायला निघाला होता आणि आता जालन्याचा माणूस तिकडच्या लोकांना समोर बसवून बोलत होता. तोवर सुएझ उघडला होता, आगबोटी होत्या, तारा होत्या. घरच्यांना ‘पोचलो’ कळवायला सहा महिने लागत नव्हते.

मार्गारेट हॉलला ती सोय नव्हती. दोडी-दापूरच्या त्या सकाळनंतर कित्येक महिने ती अमेरिकेत नवऱ्याला पत्रं लिहू शकत होती आणि ती पत्रं मुंबईच्या वाटेवर असणार होती. ती परत आली नाही. धाकटा मुलगा, बापाच्याच नावाचा गॉर्डन, तिकडेच वाढला आणि पाद्री झाला.

जालन्याच्या बाजूला राहत असाल, किंवा तुमच्या आजी-आजोबांनी बेथेलच्या गोष्टी सांगितल्या असतील, तर व्हॉइस मेसेज पाठवा. पुढच्या भागात सिंथिया फॅरार.