कीळाट्टूरची शेतपाखरं

पनवेलजवळ पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता सुटतो. आपण त्याला मुंबई-गोवा महामार्ग म्हणतो, आणि त्याच्या खड्ड्यांवर, रखडलेल्या पुलांवर आणि गणपतीतल्या रांगांवर कोकणात जन्मलेल्या प्रत्येकाला काही ना काही सांगायचं असतं. कागदोपत्री मात्र हा रस्ता गोव्याला संपत नाही. पूर्वीचा १७ क्रमांकाचा आणि २०१०च्या फेरक्रमांकानंतर ६६ क्रमांकाचा झालेला हा राष्ट्रीय महामार्ग कारवार, उडुपी, मंगळूर करत केरळात शिरतो आणि थेट कन्याकुमारीला जातो. पनवेलपासून हजारेक किलोमीटरवर, कण्णूर जिल्ह्यात, या रस्त्यावर तळिपरंबा नावाचं गाव लागतं. गाव जुनं, बाजारपेठ दाटीची, रस्ता अरुंद. चौपदरी-सहापदरीची भाषा सुरू झाली तेव्हा तळिपरंब्याला बायपास काढायचं ठरलं. तो जिथून जाणार होता त्या शिवाराचं नाव कीळाट्टूर.

या बायपासवरून २०१७-१८ मध्ये जे घडलं, त्याच्या बातम्या आपल्याकडे जेमतेम आल्या. विकास विरुद्ध पर्यावरण या ओळखीच्या चौकटीत ते प्रकरण बसत नाही. त्यात एक पक्ष आहे, त्या पक्षाने घडवलेलं एक गाव आहे, आणि जमीन नेमकी कोणाची हा जुना प्रश्न आहे.

बायपास कोणाला बगल देतो?

बायपास म्हणजे वस्तीला दिलेली बगल. पण एका वस्तीला बगल द्यायची तर रस्ता दुसऱ्या कुठून तरी न्यावाच लागतो. केरळात हे फार अवघड आहे. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात एका चौरस किलोमीटरमध्ये ३६५ माणसं राहतात, केरळात ८६०च्या आसपास. गाव कुठे संपलं आणि पुढचं कुठे सुरू झालं ते कळत नाही. घर, परसात नारळ-फणस, विहीर, मग पुढचं घर. अशा राज्यात ४५ मीटर रुंदीच्या महामार्गाला दशकभर विरोध होत राहिला यात नवल नाही. रस्ता हवा असं सगळे म्हणत होते. आपल्या दारातून जावा असं मात्र कोणी म्हणत नव्हतं.

तळिपरंब्यालाही तेच झालं. आधी सुचवलेल्या मार्गावर घरं जास्त जात होती, तिथल्या लोकांनी विरोध केला. मग आखणी सरकली ती कीळाट्टूरच्या भातशेतीवर. इथे घरं कमी पडणार होती. नकाशा बघणाऱ्या इंजिनियरला हा तोडगा समंजस वाटला असणार, आणि त्याच्या जागी आपण असतो तर कदाचित आपणही तेच केलं असतं.

पण कोकणातल्या माणसाला कीळाट्टूरची जमीन दाखवली तर तो थोडा थांबेल. उत्तर मलबारचा हा मधला पट्टा आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गासारखाच आहे. वर जांभ्याच्या टेकड्या, मधे चिंचोळ्या दऱ्या, आणि दरीच्या तळाशी भाताची खाचरं. पाऊस जांभ्यात मुरतो आणि हळूहळू पाझरत खाली येतो. खाचरं ते पाणी धरून ठेवतात, आणि आजूबाजूच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहतं ते त्यामुळेच. इथून महामार्ग न्यायचा तर खाचरात उंच भराव घालावा लागतो, आणि भरावाची माती येणार जवळच्या टेकड्या कापून. म्हणजे पाणी मुरवणारी टेकडी आणि पाणी धरणारं शेत, दोन्ही एकाच कामात जातात. ज्याची जमीन रस्त्यात जाते त्याला मोबदला मिळतो. ज्याची विहीर आटते त्याचं नाव कुठल्याच यादीत येत नाही.

केरळने हे ओळखलंही होतं. १९७०च्या दशकाच्या मध्यावर राज्यात जवळजवळ पावणेनऊ लाख हेक्टरवर भात होत असे. चाळीस वर्षांनी ते दोन लाखांच्या आसपास आलं. म्हणून २००८ मध्ये डाव्या आघाडीच्याच सरकारने भातशेती आणि पाणथळ जमिनींच्या संरक्षणाचा कायदा केला. कीळाट्टूरचे लोक बोट दाखवत होते ते याच कायद्याकडे.

पक्षाचं गाव

कण्णूर जिल्ह्यात काही गावांना ‘पक्षाची गावं’ म्हणतात. इथे पक्ष म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष. मतपेटीपुरतं हे नातं नाही. वाचनालय, सहकारी बँक, दूध सोसायटी, लग्न, मयत, सगळीकडे पक्ष असतो. त्यामागे इतिहास आहे. हा भाग ब्रिटिश काळात मद्रास इलाख्याच्या मलबार जिल्ह्यात होता आणि जमीन ‘जन्मी’ म्हणवणाऱ्या जमीनदारांकडे होती. थोडं उत्तरेला कय्यूरमध्ये १९४१ साली शेतकऱ्यांचा उठाव झाला, आणि १९४३ मध्ये चार शेतकरी कार्यकर्त्यांना फाशी झाली. १९४६च्या डिसेंबरात करिवेळ्ळूर आणि कावुंबायी इथे पोलिसांच्या गोळ्यांनी शेतकरी मेले. कूळकायद्याचा लढा पुढे विधानसभेत गेला आणि १ जानेवारी १९७० पासून केरळात कूळपद्धत संपली. कसणाऱ्याला जमीन मिळाली. कण्णूरमधल्या घराघरांत पक्षाबद्दल जी निष्ठा दिसते, तिचं मूळ या जमिनीत आहे.

कीळाट्टूरला आंदोलनात उतरलेली माणसं बहुतेक याच पक्षाची होती. त्यांचे पुढारी सुरेश कीळाट्टूर हेही पक्षाच्या मुशीतूनच आलेले. त्यांनी स्वतःला नाव घेतलं ‘वयलकिळिकळ’. वयल म्हणजे भाताचं शेत, किळि म्हणजे पाखरू. शेतातली पाखरं. सप्टेंबर २०१७ मध्ये शेतातच मांडव घालून बेमुदत उपोषण सुरू झालं. म्हाताऱ्या बायाही उपोषणाला बसल्या. मंत्र्यांशी बोलणी झाली, पर्याय बघू असं सांगण्यात आलं. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने, म्हणजे सायलेंट व्हॅलीच्या लढ्यात पुढे असलेल्या आणि डाव्या वर्तुळात मान असलेल्या संस्थेने, अभ्यास करून शहरातल्या सध्याच्या रस्त्यावरच उड्डाणपूल करता येईल असं सुचवलं. पण आखणी हलली नाही. पक्षाने आंदोलनातल्या आपल्या अकरा सदस्यांना काढून टाकलं.

इथे मराठी वाचकाला एक तारीख आठवेल. १२ मार्च २०१८ रोजी नाशिकहून चालत निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईत पोचला. लाल टोप्या, लाल झेंडे, फाटलेल्या चपला आणि रक्ताळलेले पाय. तो मोर्चा काढणारी अखिल भारतीय किसान सभा याच पक्षाशी जोडलेली. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिलं, खाऊ घातलं, आणि कसणाऱ्याला वनजमिनीचा हक्क द्या ही मागणी सरकारला ऐकावी लागली.

दोनच दिवसांनी, १४ मार्चला, कीळाट्टूरमध्ये पोलिस बंदोबस्तात मोजणी सुरू झाली. आंदोलकांनी पेंढा पेटवला, अंगावर रॉकेल ओतून घेतलं. पोलिसांनी त्यांना अटक केली, आणि त्यांच्यामागे पक्षाच्या कार्यकर्त्यांनी शेतातला आंदोलनाचा मांडव जाळला. विधानसभेत सार्वजनिक बांधकाम मंत्री जी. सुधाकरन यांनी या लोकांना पाखरं नव्हे तर गिधाडं म्हटलं.

संमती कोणाची?

सरकारचं म्हणणं मात्र नीट ऐकायला हवं, कारण ते पोकळ नव्हतं. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांची बाजू अशी होती की, बाधित ६० जमीनमालकांपैकी ५६ जणांनी संमती दिली आहे. मग विरोध करणारे हे कोण? दुसरा मुद्दा अपघातांचा आणि कोंडीचा. तिसरा, इथे आखणी बदलली तर राज्यभर प्रत्येक गाव तेच मागेल.

५६ विरुद्ध ४ हा आकडा वजनदार आहे. तरीही तो वाचताना मला मुळशी आठवते. १९२१ साली टाटांच्या धरणासाठी मुळशी पेट्यातली पन्नासाहून अधिक गावं जाणार होती. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ‘जान किंवा जमीन’ म्हणत मावळे सत्याग्रहाला बसले. १९२४ पर्यंत तो लढा मोडला. त्याच्या अनेक कारणांपैकी एक असं, की जमिनीचा बराच भाग कागदावर पुण्यातल्या सावकारांच्या नावे होता आणि त्यांना मोबदला चालणार होता. कसणारा कूळ ‘नाही’ म्हणत होता, पण ज्याच्या नावावर जमीन होती तो ‘हो’ म्हणाला. कायद्याला तेवढं पुरलं.

कीळाट्टूरचे मालक सावकार नव्हते, छोटेच शेतकरी होते. पण भात परवडत नाही, मुलं आखातात किंवा नोकरीत, आणि मोबदल्याचा दर चांगला. अशा वेळी सही करणाऱ्याला दोष देता येत नाही. प्रश्न एवढाच, की शेतावर ज्यांचं काहीतरी अवलंबून आहे ते सगळे त्या ६० जणांत येतात का. लावणी-कापणी करणाऱ्या बाया, बांधावरचं गवत नेणारे, खालच्या वाडीतल्या विहिरींचे मालक, यांच्या सहीचा रकाना कुठेही नव्हता.

कायद्यात तो नाहीच. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६चा. भूसंपादनाची त्यातली झटपट पद्धत १९९७च्या दुरुस्तीने आली. कलम ३अ खाली केंद्र सरकार राजपत्रात इरादा जाहीर करतं आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत त्याचा गोषवारा छापला जातो. त्यानंतर जमिनीत हितसंबंध असलेल्यांना हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात. हरकत फेटाळली की पुढच्या अधिसूचनेने जमीन केंद्राची होते. २०१३च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणला, पण महामार्ग कायदा त्यातून वगळला. २०१५ पासून नव्या कायद्याचा मोबदला लागू झाला. आधी विचारण्याची अट मात्र लागू झाली नाही. पैसे वाढले, तरी ‘नाही’ म्हणण्याची जागा होती तेवढीच राहिली.

पाखरं आणि गिधाडं

२५ मार्चला तळिपरंब्याहून कीळाट्टूरपर्यंत मोठा मोर्चा निघाला. त्यात काँग्रेसचे नेते होते, भाजपचे खासदार होते, पर्यावरणवाले होते. पक्षाने आदल्याच दिवशी ‘बाहेरच्यांपासून गाव राखण्या’साठी स्वतःचा मोर्चा काढला होता. पुढच्या महिन्यात भाजपने वेगळी पदयात्रा केली. डाव्यांच्या बालेकिल्ल्यात शिरायला वाट सापडली म्हणून आलेल्यांना भाताचं किती पडलं होतं, हा सवाल रास्त आहे. आंदोलकांपुढे मात्र पर्याय नव्हता. ज्या पक्षाकडे ते आयुष्यभर तक्रार घेऊन जात होते, तोच समोर उभा होता.

ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी आंदोलकांना दिल्लीत भेट दिली आणि पर्यायांचा पुन्हा विचार होईल अशी आशा निर्माण झाली. राज्याला डावलून केंद्र परस्पर बोलतंय, अशी तक्रार विजयन यांनी केली. त्याच वर्षी जूनमध्ये केरळने २००८च्या भातशेती कायद्यात दुरुस्ती करून सार्वजनिक प्रकल्पांना सूट देण्याची वाट मोकळी केली होती. नोव्हेंबरात केंद्राची अंतिम अधिसूचना आली. आखणी तीच, कीळाट्टूरमधूनच. परस्परांना दूषणं देणारी दोन्ही सरकारं रस्त्याबद्दल शेवटी एकमतात निघाली. २०२०च्या नगरपालिका निवडणुकीत आंदोलनाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या उमेदवार हरल्या. मार्क्सवादी पक्षाच्या उमेदवार निवडून आल्या. गावाने पक्ष सोडला नाही.

पुढे भराव पडला, काम सुरू झालं. मे २०२५ मध्ये तळिपरंब्याजवळ कुप्पम इथे महामार्गाच्या कामाची माती वाहून लोकांच्या घरांत शिरली. त्याच सुमारास, १९ मे रोजी, दक्षिणेला मलप्पुरम जिल्ह्यात कूरियाड इथे याच महामार्गाचा एक तुकडा खचला. तो भातशेतीत भराव घालून उभारलेला होता. खालची जमीन वजन पेलू शकली नाही. त्यानंतर चौकशी झाली, ठेकेदारावर कारवाई झाली, आणि तिथे भरावाऐवजी खांबांवरचा पूल हवा अशी चर्चा सुरू झाली.

शेतावर भराव नको, जुन्या रस्त्यावरच खांबांवरून रस्ता न्या, हे कीळाट्टूरकरांना २०१८च्या आधीच सांगून झालं होतं. तेव्हा त्यांना कोणी विकासविरोधी म्हटलं, कोणी गिधाडं. आपल्याकडे कोकणात त्याच रस्त्याच्या पट्ट्यात अजून बायपास, जोडरस्ते आणि नवे महामार्ग आखले जात आहेत. त्यांच्या नोटिसा स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, गट क्रमांकांच्या लांबलचक रकान्यांसह येतात. हरकतीला तिथेही २१ दिवसच असतात, आणि खालच्या वाडीतल्या विहिरीला गट क्रमांक नसतो.