राखेतील पालेभाजी

बालाघाट जिल्ह्याचा इतिहास सांगताना सालवृक्षांची अरण्ये, मँगनीजच्या खाणी आणि वैनगंगेकाठचा तांदूळ यांचा उल्लेख हमखास होतो. पालेभाजीचा होत नाही. ज्याचा महसूल मिळत नाही, त्याची दप्तरात नोंद राहत नाही. तरीही धान्याच्या कणग्या रित्या झालेल्या पावसाळी महिन्यांत येथील गरिबाला तारले ते या हिरव्या पानांनीच, असे आम्हांस वाटते.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केले आणि १८६७ साली बालाघाट हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या बैहर पठारावर बैगा जमात 'बेवर' करीत असे. उन्हाळ्यात झाडे तोडून वाळवायची, पावसाआधी जाळायची आणि राखेत बी फेकायचे. धरणीमातेची छाती नांगराने फाडू नये, ही त्यामागील श्रद्धा व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ च्या 'द बैगा' या ग्रंथात नोंदविली आहे. बेवरात कोदो-कुटकीबरोबर कडधान्ये व वेलीही वाढत. वनखात्याला मात्र त्यात केवळ लाकडाची नासाडी दिसली. तोड अनिर्बंध होऊ नये ही चिंता अगदीच निराधार नव्हती. पण बंदी घालताना ताटातून काय जाणार, याचा हिशेब कोणी केला नाही. १८९० साली तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात 'बैगाचक' राखून दिला गेला. त्याबाहेर बेवर मिटत गेले.

राख परसात मात्र टिकली. चवळई, अंबाडी यांच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा पडतो. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या माव्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. म्हणून बायका चुलीची राख पानांवर भुरभुरतात. पावसाने ती वाहून गेली की पुन्हा टाकावी लागते. ही अडचण केवळ आपलीच नव्हे. हवाई बेटांवर १९९९ साली दक्षिण अमेरिकेकडील एक चिमुकली, डंख करणारी मुंगी आढळली. तीही रसशोषक किडींना असेच सांभाळते. परक्या भूमीत तिला आवर घालणारे शत्रू नसल्याने तेथील बागाईतदार हैराण झाले. आपल्या परसात मुंगी आणि तिचे वैरी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आले आहेत, म्हणून मूठभर राखेवर भागते.

आज संकट मुंगीचे नाही. पहिल्या पावसानंतर बांधांवर आपोआप उगवणारा तरोटा तणनाशकाने जळून जातो. लोह, चुना आणि अ जीवनसत्त्व देणारी ही फुकटची भाजी तणांत जमा झाली आहे. विदर्भात तरोटा, कोकणात टाकळा, छत्तीसगडाकडे चरोटा अशी एकाच पानाची नावे आहेत. ती जाणणाऱ्या आजीबाई आहेत तोवर गावोगावच्या भाज्यांची नावे, त्यांचा हंगाम आणि शिजविण्याची रीत टिपून ठेवावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे. दप्तराने जे वगळले, ते निदान आपल्या वह्यांत तरी राहील.