नेम धरला, पण हरीण निसटलं! अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना आयुष्यभर रुखरुख लावणाऱ्या 'बक'ची गोष्ट

नोव्हेंबर महिना सुरू झाला की अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या रील्स फीडवर दिसायला लागतात. झाडावरच्या मचाणावर बसलेला माणूस, खाली धुक्यातून चालत येणारं मोठ्या शिंगांचं हरीण, थरथरणारा कॅमेरा, एक आवाज आणि मग पळत सुटलेली पांढरी शेपटी. नेम हुकलेला असतो. कॅप्शनमध्ये हमखास एक वाक्य असतं, 'हे मी कधीच विसरणार नाही.'

आपल्याला प्रश्न पडतो की एका हरणाचं एवढं काय? दुसरं येईल की. पण अमेरिकेत वीस-तीस वर्षांपूर्वी निसटलेल्या हरणाची तारीख, वाऱ्याची दिशा आणि शिंगांना किती टोकं होती, हे सगळं तोंडपाठ असलेली माणसं सापडतात. हा नेमका प्रकार काय आहे ते समजून घेऊया.

'बक' म्हणजे नेमकं कोण?

हरणाच्या नराला इंग्रजीत 'बक' म्हणतात. अमेरिकेत सर्वात जास्त शिकार होते ती पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, म्हणजे व्हाइटटेलची. धोका जाणवला की हे हरीण शेपटी वर करून पळतं आणि शेपटीची पांढरी बाजू झेंड्यासारखी फडकते. निसटलेल्या हरणाचं शिकाऱ्याला दिसणारं शेवटचं दृश्य बहुतेक वेळा हेच असतं.

या हरणाची शिंगं दरवर्षी गळून पडतात आणि नव्याने उगवतात. आपल्याकडच्या चितळाचं आणि सांबराचंही तसंच असतं. काळविटाची शिंगं मात्र आयुष्यभर टिकतात. व्हाइटटेल नर साधारण पाच ते सात वर्षांचा झाला की त्याची शिंगं सर्वात मोठी होतात. पण बहुतेक नर त्या वयापर्यंत जगतच नाहीत. जे जगतात, ते सावध राहिले म्हणूनच जगलेले असतात. म्हणून 'मोठा बक' दुर्मीळ असतो आणि हाती लागणं आणखी दुर्मीळ.

२०२२ च्या अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार तिथे १६ वर्षांवरील सुमारे १ कोटी ४४ लाख लोकांनी त्या वर्षी शिकार केली. त्यात सर्वात जास्त पसंती हरणाच्या शिकारीलाच असते.

एक हरीण हुकलं तर एवढं काय बिघडतं?

पहिलं कारण म्हणजे नियम. हरीण मारायला परवाना आणि 'टॅग' लागतो. ओहायो राज्यात एका शिकाऱ्याला वर्षाला शिंगवाला एकच नर मारता येतो. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने शिकार करण्याचा मुख्य हंगाम फक्त नऊ दिवसांचा असतो. दिवसाचे तासही ठरलेले असतात. बऱ्याच राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच गोळी झाडता येते. म्हातारा नर त्यानंतर पाच मिनिटांनी आला, तर त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं.

दुसरं कारण म्हणजे ओळख. आता शिकारी जंगलात झाडाला आपोआप फोटो काढणारे ट्रेल कॅमेरे बांधतात. तोच नर दोन-तीन वर्षं फोटोंत दिसत राहतो, दरवर्षी शिंगं वाढलेली दिसतात आणि मग त्याला नावही दिलं जातं. म्हणजे तो हुकतो तेव्हा शिकाऱ्यासाठी ते कुठलंतरी एक हरीण नसतं. तीन वर्षं पाळत ठेवलेलं हरीण निसटलेलं असतं.

तिसरं कारण म्हणजे मोजमाप. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब शिंगांच्या नोंदी ठेवतो. मुख्य शिंगांची लांबी, दोन शिंगांमधलं अंतर, प्रत्येक फाट्याची उंची आणि ठरावीक जागांचा घेर हे सगळं इंचात मोजून बेरीज करतात. अधिकृत मोजणीआधी शिंगं ६० दिवस सुकू द्यावी लागतात. नेहमीच्या, समतोल आकाराच्या शिंगांना क्लबच्या कायमच्या यादीत यायला किमान १७० इंच लागतात. या आकड्यामुळे 'मोठा होता हो' एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. 'निदान १७० चा तरी होता' अशी ती पुढे जाते आणि निसटलेल्या बकची शिंगं दर दिवाळीला दोन इंचांनी वाढत जातात!

नेम नेमका हुकतो कशामुळे?

शिकाऱ्यांच्या हळहळीची कारणं ऐकली तर तीच ती पुन्हा पुन्हा समोर येतात.

वारा : हरणाचं नाक माणसापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण असतं. वारा शिकाऱ्याकडून हरणाकडे वळला की खेळ संपला. 'वारा चुकीचा होता, तरी त्या दिवशी मचाणावर बसलो' ही सर्वात कॉमन खंत आहे.

हालचाल : शिकारी घालतात ते भडक नारिंगी जाकीट हरणाला आपल्यासारखं भडक दिसत नाही, कारण लाल-नारिंगी रंग त्याला नीट वेगळे कळत नाहीत. पण हालचाल लगेच कळते. धनुष्य उचलायला चुकीचा क्षण निवडला की हरीण मान वर करून थेट मचाणाकडे बघतं.

आवाज : हा भाग निव्वळ फिजिक्सचा आहे. आधुनिक धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला साधारण ९० मीटर वेगाने जातो, तर आवाज सुमारे ३४० मीटरने. हरीण २७ मीटरवर असेल, तर बाणाला पोहोचायला ०.३ सेकंद लागतात, पण प्रत्यंचेचा आवाज ०.०८ सेकंदातच पोहोचलेला असतो. आवाज ऐकताच हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली दबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. नेम बरोबर असतो, पण हरीण त्या जागी राहिलेलं नसतं.

अंतर : संध्याकाळच्या उजेडात ३० मीटर आणि ४० मीटर यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. बाण लांब जाताना खाली येतो, त्यामुळे अंदाज चुकला की बाण पोटाखालून जातो.

लोभ : समोर चांगला नर उभा असतो, पण 'यापेक्षा मोठा येईल' म्हणून त्याला सोडलं जातं. मोठा येत नाही आणि हंगाम संपतो.

'बक फीव्हर' ही काय भानगड आहे?

या सगळ्यांवर कडी करणारं कारण म्हणजे शिकाऱ्याचं स्वतःचं शरीर. मोठा नर समोर आला की हात थरथरतात, श्वास चढतो, डोकं काम करेनासं होतं. याला अमेरिकेत 'बक फीव्हर' म्हणतात. ताप वगैरे काही नसतो, हा अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम असतो. यात माणसं बंदुकीचा खटका बंद ठेवूनच घोडा ओढत राहतात, एकही गोळी न झाडता बंदुकीतली सगळी काडतुसं बाहेर काढून टाकतात किंवा शरीराऐवजी शिंगांकडेच बघत बाण सोडतात.

मिशिगनमधल्या हृदयविकार तज्ज्ञांनी हरणाच्या शिकारीला निघालेल्या पुरुषांच्या छातीला ईसीजीची यंत्रं लावून अभ्यास केला होता. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही जणांच्या हृदयाचे ठोके ट्रेडमिल चाचणीत गाठलेल्या कमाल पातळीच्याही वर गेले होते. म्हणून हंगामाआधी हृदयाची तपासणी करून घ्या, असा सल्ला तिथले डॉक्टर देतात.

निसटलेला बक परत येतो का?

कधीकधी येतो. टेनेसी राज्यातल्या स्टीफन टकर या शिकाऱ्यासमोर नोव्हेंबर २०१६ मध्ये एक अजस्र शिंगांचा नर आला. टकरच्या हातात तोंडाकडून दारू भरायची बंदूक होती आणि ऐन वेळी तिचा बार उडालाच नाही. हातातोंडाशी आलेला घास गेला. पण काही दिवसांतच तोच नर पुन्हा समोर आला आणि या वेळी बंदुकीने दगा दिला नाही. शिंगांना तब्बल ४७ टोकं होती आणि मोजणी ३१२ इंचांच्या वर गेली.

जिम जॉर्डनचं नशीब उलटं होतं. १९१४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या डॅनबरी गावाजवळ त्याने एक मोठा नर मारला. मुंडकं मढवून देण्यासाठी एका कारागिराकडे दिलं. तो कारागीर गाव सोडून गेला आणि शिंगंही गेली. १९५८ मध्ये ती मिनेसोटामध्ये जुन्या सामानाच्या विक्रीत अवघ्या ३ डॉलरला विकली गेली. पुढे मोजली तेव्हा ती २०६ १/८ इंच भरली, म्हणजे त्या वेळचा जागतिक विक्रम! पण शिकाऱ्याच्या नावापुढे 'अज्ञात' लिहिलेलं होतं. शिंगं आपलीच आहेत हे जॉर्डन वर्षानुवर्षं सांगत राहिला. १९७८ च्या डिसेंबरमध्ये क्लबने त्याचं नाव मान्य केलं. त्याच्या दोनच महिने आधी जॉर्डन वारला होता. त्याच्या शिंगांचा विक्रम नोव्हेंबर १९९३ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये मायलो हॅन्सनच्या २१३ ५/८ इंचांच्या हरणाने मोडला.

सर्वात मोठे बक कोणी मारले?

याचं उत्तर ऐकून धक्का बसेल. कोणीच नाही.

वेड्यावाकड्या, असमतोल शिंगांच्या गटात दोन हरणं सर्वात वर आहेत. पहिलं मिझुरीमधलं, ३३३ ७/८ इंचांचं. ते १९८१ मध्ये सेंट लुईस परिसरात मेलेलं सापडलं. दुसरं ओहायोमधलं, ३२८ २/८ इंचांचं. ते १९४० मध्ये रेव्हेना इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या कुंपणाजवळ मेलेलं सापडलं. त्याच्या शिंगाला भोक असल्यामुळे ते 'होल इन द हॉर्न' या नावाने ओळखलं जातं.

म्हणजे आजवर नोंद झालेले हे दोन सर्वात मोठे व्हाइटटेल नर सगळ्या शिकाऱ्यांना चुकवून जगले आणि कोणाच्याही गोळीशिवाय मेले.

जी गोष्ट कोणी स्टेटसला ठेवत नाही

इथवरची हळहळ गमतीची आहे. बाण पूर्ण हुकला, हरीण सुखरूप गेलं, शिकाऱ्याला सांगायला गोष्ट मिळाली. पण 'निसटलं' या शब्दाखाली आणखी एक गोष्ट दडलेली असते. ती म्हणजे हरणाला गोळी किंवा बाण लागला आणि तरीही ते निसटलं.

शिकाऱ्याला शिकवलेलं असतं की नेम पुढच्या पायामागे, हृदय आणि फुप्फुसांवर धरायचा. तिथे लागलं तर हरीण थोडं धावून काही सेकंदांतच कोसळतं. पण नेम थोडा मागे सरकून पोटात लागला, तर मरायला कित्येक तास लागतात. अशा वेळी घाईने मागे धावणं ही सर्वात मोठी चूक असते. पाठलाग होतोय हे कळलं की जखमी हरीण जीव तोडून लांब पळतं आणि मग सापडतच नाही. म्हणून नियम असा की चांगला नेम लागला तरी अर्धा तास थांबायचं आणि पोटात लागल्याचा संशय असेल तर कित्येक तास.

रक्तावरूनही अंदाज येतो. फेसाळ, गुलाबीसर लाल रक्त म्हणजे फुप्फुस. काळपट लाल म्हणजे यकृत. हिरवट चोथा दिसला म्हणजे पोट. आता अनेक राज्यांत पट्टा बांधलेल्या, वासावरून माग काढणाऱ्या कुत्र्यांची मदत घ्यायला परवानगी आहे.

तरीही काही हरणं सापडत नाहीत. अशा शिकाऱ्याची खंत विक्रम हुकल्याची नसते. आपल्यामुळे एक जीव कुठेतरी तडफडत मेला असेल, या विचाराची ती टोचणी असते. काही जण त्यानंतर तो हंगाम तिथेच थांबवतात, काही जण सापडलं नसलं तरी आपला टॅग वापरला असं स्वतःच ठरवतात. म्हणूनच अनुभवी शिकारी नवख्यांना सांगतात की खात्री नसेल तर गोळी झाडू नकोस. न मारलेल्या हरणाची रुखरुख परवडते, जखमी करून हरवलेल्या हरणाची परवडत नाही.

मग अमेरिकेत शिकारीला परवानगी का आहे?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीमुळे व्हाइटटेल काही लाखांवर आली होती. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या व्यापाराला आळा घातला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. आज या हरणांची संख्या सुमारे ३ कोटी असल्याचं मानलं जातं. लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागांतून संपलेत, त्यामुळे संख्या आटोक्यात ठेवण्याचं काम शिकाऱ्यांवर आलं. विमा कंपन्यांच्या अंदाजानुसार दरवर्षी हरणांना गाड्या धडकण्याच्या दहा लाखांहून अधिक घटना घडतात.

भारतात गणित पूर्ण वेगळं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार चितळ, सांबर किंवा काळविटाची शिकार हा गुन्हा आहे. जंगलात गळून पडलेली सांबरशिंगं उचलून विकणंही बेकायदाच. त्यामुळे रील बघून कोणाला हुक्की आली, तर कॅमेरा घेऊन ताडोबाला जावं. तिथेही फोकस लागायच्या आत सांबर निसटतंच आणि घरी आल्यावर त्याची शिंगं वाढायला लागतातच.